ऑनलाइन कथेला खरे वाचक कसे मिळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रतिलिपी, मातृभारती, मायबोली, मिसळपाव, वॉटपॅड अशा ठिकाणी मराठी कथा लिहिणारे, विशेषतः नुकतीच सुरुवात केलेले लेखक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. मी या सगळ्या ठिकाणी लिहिते त्याहून कितीतरी जास्त वाचते. त्यामुळे उत्तरं बरीचशी वाचकाच्या बाजूने दिली आहेत.

खरा वाचक कुणाला म्हणायचं?

जो पुढच्या भागाला परत येतो, त्याला. एवढी एकच कसोटी मी लावते. त्याने रेटिंग दिलं का, फॉलो केलं का, खाली काही लिहिलं का, हे सगळं त्यानंतर. महिनोन्‌महिने एक शब्दही न लिहिता प्रत्येक भाग वाचणारी माणसं भरपूर असतात आणि तुमच्या कथेचा खरा आधार तीच असतात.

"छान", "अप्रतिम", फुलांचा गुच्छ असे अभिप्राय प्रेमानेच दिलेले असतात, त्यांचा मान ठेवावा. पण एखादीने विचारलं, "चौथ्या भागात आत्याने दिलेली पाटली नंतर कुठे गेली?" तर त्या दिवशी आनंद करा. तुमची कथा तिच्या डोक्यात घर करून बसली आहे. आणि हो, पाटली कुठे गेली ते शोधून पुढच्या भागात सांगा.

वाचनांचा आकडा मोठा आहे. म्हणजे वाचक आहेत ना?

एकूण आकड्यावरून काही कळत नाही. भागवार आकडे बघा. बहुतेक ठिकाणी प्रत्येक भागाचं वाचन वेगळं दिसतं.

समजा, एका कथेच्या पहिल्या भागाला 900 वाचनं आहेत, दुसऱ्याला 310, तिसऱ्याला 290, चौथ्याला 285. दुसऱ्या कथेला 900, 640, 410, 180. बेरीज केली तर दुसरी कथा वरचढ दिसते. मला विचाराल तर पहिली कथा तब्येतीने चांगली आहे. तिचा पहिला भाग कच्चा आहे, पण जे 310 जण आत आले ते जवळजवळ सगळे थांबले. तो एक भाग नीट केला की कथा उभी राहील. दुसऱ्या कथेत सुरुवात लोकांना आवडली आणि मग दर भागाला माणसं उठून गेली. तिथे गोष्टीतच काहीतरी सैल आहे. बहुधा लेखकाला पुढे काय होणार ते ठाऊक नाही, किंवा एकच भांडण तीन भाग चाललं आहे.

आकडे रोज बघू नका. भाग टाकल्यावर आठवडाभर तरी जाऊ द्या. काही वाचक चार-पाच भाग साठले की एका दमात वाचतात.

पहिल्या भागानंतरच वाचक का गळतात?

कारण पहिल्या भागात अजून काही घडलेलंच नसतं. आपल्याकडे पहिला भाग ओळखपरेडीत जातो. शेकड्याने कथा अशा सुरू होतात:

"पहाटेचे सहा वाजले होते. सूर्याची कोवळी किरणं खिडकीतून आत येत होती. अलार्म वाजला आणि प्रियाला जाग आली. प्रिया, वय 26, दिसायला सुंदर, गोरीपान, लांबसडक केस. घरी आई, बाबा आणि छोटा भाऊ..."

हे शिधापत्रिकेवरचं माहितीपत्रक झालं. तीच प्रिया अशी आणून बघा:

"सासूबाईंनी कपाटाची किल्ली मागितली. प्रिया 'आणते' म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे उघडत राहिली. किल्ली दोन दिवसांपूर्वीच तिने भावाच्या हातात दिली होती."

यात प्रियाचं वय नाही, केस नाहीत, पण तीन वाक्यांत घर आलं, नातं आलं, लपवाछपवी आली. कपाटात काय होतं आणि भावाने काय केलं हे कळल्याशिवाय वाचक जाणार नाही. वय आणि केस पुढे कधीतरी येतील. नाही आले तरी कुणी विचारणार नाही.

पहिला भाग लिहून झाला की सुरुवातीचे दोन परिच्छेद झाकून तिसऱ्यापासून वाचा. बहुतेक वेळा कथा तिथूनच सुरू होते.

शीर्षक आणि मुखपृष्ठाला किती महत्त्व द्यावं?

शीर्षकाला बरंच, मुखपृष्ठाला थोडं. फोनच्या यादीत शीर्षकाचे पहिले दोन-तीन शब्दच दिसतात, बाकीचं कापलं जातं. "एक अनोखी प्रेमकहाणी" हे नाव कापून "एक अनोखी..." उरलं, तर तशाच इतर नावांच्या गर्दीत ते ओळखू येत नाही. "आत्याची पाटली" पुरतं दिसतं आणि लक्षात राहतं.

मुखपृष्ठासाठी सिनेनटांचे फोटो वापरू नका. ते फोटो आपल्या मालकीचे नसतात. शिवाय वाचकाच्या मनात पात्राचा चेहरा तयार व्हायला जागाच उरत नाही. साधा रंग आणि मोठ्या, वाचता येणाऱ्या अक्षरांत नाव, एवढं पुरे.

सारांशात कथेचा प्रश्न सांगा, उत्तर राखून ठेवा. "वाचा आणि कळवा" यासारखी वाक्यं काढून टाकली तरी काही बिघडत नाही.

"तुम्ही माझी कथा वाचा, मी तुमची वाचते" असे व्हॉट्सॲप गट असतात. त्यात जावं का?

जाऊ नये. हे मी ठाम सांगते, कारण या गटांनी चांगल्या लेखकांचं खूप नुकसान केलेलं बघते आहे.

तिथे काय होतं ते सांगते. रोज पंधरा-वीस लिंका पडतात. प्रत्येकाला प्रत्येकाची उघडावी लागते. मग माणूस कथा उघडतो, अंगठ्याने सरकवत तळाला जातो, पाच तारे देतो, "खूप छान लेखन" लिहितो आणि पुढची लिंक उघडतो. कथा कुणीच वाचलेली नसते. संध्याकाळी सगळ्यांचे आकडे वाढलेले असतात आणि सगळ्यांची एक संध्याकाळ गेलेली असते.

त्याहून मोठं नुकसान पुढे आहे. वर सांगितलेलं भागवार गणित आता तुम्हाला करताच येत नाही. गटातल्या चाळीस जणांनी सगळे भाग उघडले असतील, तर वाचक नेमका कुठे उठून गेला हे कसं कळणार? कथेत काय चुकतंय हे सांगणारी एकच खूण तुमच्याकडे होती, ती पुसली गेली. आणि बाहेरून आलेला वाचक, कच्च्या कथेखाली चाळीस वेळा "अप्रतिम" बघतो, तेव्हा त्याचा ताऱ्यांवरचाच विश्वास उडतो. त्याचा फटका शेजारच्या चांगल्या कथेलाही बसतो.

पैसे घेऊन वाचनं किंवा फॉलोअर वाढवून देतो म्हणणाऱ्यांना सरळ ब्लॉक करा. हे बहुतेक ठिकाणच्या नियमांत बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. पासवर्ड किंवा ओटीपी तर कुणालाच देऊ नका.

एक गट मात्र जरूर करावा. तीन-चार लिहिणारी माणसं, जी एकमेकांचा कच्चा खर्डा प्रसिद्ध करण्याआधी वाचतात आणि "इथे मला कंटाळा आला" असं तोंडावर सांगतात. तिथे तारे नसतात, लिंका नसतात. असं एक माणूस जरी मिळालं तरी जपा.

मग सुरुवातीला, कुणीच ओळखत नसताना, वाचक आणायचे कुठून?

दुसऱ्यांच्या कथांखालून. तुम्ही ज्या प्रकारचं लिहिता त्याच प्रकारच्या कथा मनापासून वाचा आणि खाली काहीतरी खरं लिहा. उदाहरणार्थ:

"शेवटच्या प्रसंगात वडील काही न बोलता चपला घालून बाहेर जातात, तिथे मी थांबले, पुन्हा वाचलं. मात्र मोठ्या भावाने पैसे घेतल्याचं आम्हाला आधी कळलं होतं का? मला मागे जाऊन शोधावं लागलं."

असा अभिप्राय लेखक तर वाचतोच, पण त्या कथेचे बाकीचे वाचकही वाचतात. त्यातल्या काहींना वाटतं, ही बाई नीट वाचते, लिहिते कशी बघू. ती माणसं नावावर टिचकी मारून तुमच्या पानावर येतात. आधीच वाचक असलेली, कथेची गोडी असलेली माणसं अशी येतात. हा सगळ्यात हळू मार्ग आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यात खात्रीचा.

फक्त त्या अभिप्रायाखाली स्वतःची लिंक चिकटवू नका. "माझीही कथा वाचा" हे वाक्य आलं की वरचं सगळं वाया जातं.

मायबोली आणि मिसळपावची रीत थोडी वेगळी आहे. मायबोली 1996 पासून आहे, तिथे वर्षानुवर्षं वाचणारे, लिहिणारे आयडी (सदस्य) आहेत. ते स्पष्ट बोलतात. कुणी "पु.ले.शु." (पुढील लेखनास शुभेच्छा) म्हणेल, कुणी "पु.भा.प्र." (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) लिहील आणि कुणी तिसऱ्या परिच्छेदातली काळाची चूक दाखवेल. चूक दाखवणाऱ्याला आधी धन्यवाद द्या. महिनाभर नुसतं वाचा, दुसऱ्यांच्या धाग्यांवर, म्हणजे लेखांखालच्या चर्चेत, प्रतिसाद द्या, मग स्वतःची कथा टाका.

नातेवाईक आणि मित्रांना लिंक पाठवावी का?

एकदा पाठवा. रोज पाठवू नका. कुटुंबाच्या गटात मामेभाऊ अंगठा दाखवतो तो तुमच्यावरच्या मायेने. ती माया वेगळी आणि कथेचं वाचन वेगळं. फेसबुकवर टाकायचं तर नुसती लिंक टाकू नका. कथेतला एक संवाद किंवा चार ओळींचा प्रसंग पोस्टमध्येच द्या, म्हणजे ज्याला रुची आहे तोच आत येईल.

भाग किती मोठा असावा आणि किती दिवसांनी टाकावा?

भाग साधारण 1200 ते 1500 शब्दांचा ठेवा. लोकलमध्ये उभ्याने, दुपारी स्वयंपाकघर आवरल्यावर, रात्री दिवा मालवण्याआधी अशा वेळा काढून लोक वाचतात. दहा मिनिटांत भाग संपला पाहिजे आणि काहीतरी घडलेलं असलं पाहिजे. चारशे शब्दांचे तुकडे करून भागांची संख्या वाढवली की वाचक चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे.

किती दिवसांनी, यापेक्षा ठरल्या दिवशी टाकणं महत्त्वाचं. मराठी वाचकाला वाट बघायची सवय जुनी आहे. कादंबरीकार ह. ना. आपट्यांनी 1890 मध्ये "करमणूक" साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः दिल्या. घराघरांत पुढच्या अंकाची वाट पाहिली जाई. लोक आठवडाभर थांबू शकत होते, कारण अंक येणार याची त्यांना खात्री होती. आज आपणही तेवढी खात्री द्यावी. "दर गुरुवारी" म्हटलं की गुरुवारी भाग दिसलाच पाहिजे.

त्यासाठी कथा सुरू करण्याआधी पाच-सहा भाग लिहून हाताशी ठेवा. घरात लग्न निघतं, मुलांच्या परीक्षा येतात, ताप येतो. साठा असला की गुरुवार चुकत नाही.

"क्रमशः" कुठे आणावं?

हे शिकण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर सांगते. नेहमीचा शेवट असा असतो: "दार वाजलं. तिने दार उघडलं आणि समोर बघताच तिच्या पायाखालची जमीन सरकली. क्रमशः." पुढच्या भागात दारात कुरिअरवाला निघतो. पहिल्यांदा वाचक ते मनावर घेत नाही. दुसऱ्यांदा त्याला कळतं की लेखक आपल्याला खेळवतोय आणि मग तो येत नाही.

दार उघडू द्या. दारात नवऱ्याची पहिली बायको उभी आहे, तिच्या कडेवर लेकरू आहे आणि ती म्हणते, "पाणी मिळेल का?" इथे थांबा. आता वाचकाला कोण आलं ते माहीत आहे. ही तिला आत घेणार की नाही, एवढंच त्याला बघायचं आहे. ही ओढ आठवडाभर टिकते, कारण त्या जागी आपण काय केलं असतं याचा विचार तो स्वतःच करत राहतो.

सासू-सून, प्रेम, भयकथा यांनाच वाचक असतात का?

त्यांना वाचक जास्त असतात, हे खरं. लोक घरात राहतात, म्हणून घरातल्या गोष्टी वाचतात. त्यात कमीपणा मानू नका. त्या मनापासून लिहायच्या असतील तर खुशाल लिहा. पण केवळ खपतं म्हणून लिहिलेली कथा तिसऱ्या भागापर्यंत उघडी पडते.

वेगळ्या विषयाचे वाचक संख्येने कमी पण घट्ट असतात. समजा, तुम्ही ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवरची, म्हणजे झोपड्यांवरची, कथा लिहिली. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून एक मोजला जाणारा कोयता, दिवाळीनंतर बीडहून कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, शाळा अर्ध्यात सोडून निघालेली मुलगी. तो तपशील खरा असेल, तर ज्यांनी ते जगलंय किंवा जवळून पाहिलंय ती माणसं कथेला धरून ठेवतात आणि आणखी चौघांना दाखवतात. तुम्ही बँकेत असाल, पोस्टात असाल, नर्स असाल, तर तिथलं लिहा. काउंटरच्या आतल्या बाजूने जग कसं दिसतं हे इतरांना ठाऊक नसतं.

बोलीभाषेत लिहिलं तर वाचक कमी होतील का?

माझा अनुभव उलट आहे. संवाद बोलीत आणि निवेदन साध्या मराठीत ठेवलं तर सगळ्यांना झेपतं. नागपूरचा मुलगा "काय करून राह्यला बे?" म्हणाला तर सांगलीच्या वाचकालाही कळतं. अडेल असा शब्द आला तर कंसात अर्थ देऊ नका, पुढच्या वाक्यात तो उलगडेल असं बघा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणीतलं बोलणं वाचायला त्या मुलखातून बाहेर पडलेली माणसं विशेष येतात, मग ती ठाण्यात असोत की दुबईत.

शुद्धलेखनाकडे वाचक खरंच बघतात का?

बघतात, आणि न बोलता निघून जातात. सगळे नियम एका दिवसात येणार नाहीत, पण फोनवर टाइप करताना होणाऱ्या ठरावीक चुका लगेच दुरुस्त करता येतात. "दुसर्या", "सार्या" असं लिहिलेलं फार दिसतं. तिथे "दुसऱ्या", "साऱ्या" हवं. त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर वापरावं लागतं. इनस्क्रिप्ट कळपाटावर (कीबोर्डवर) ते शिफ्ट धरून र दाबला की उमटतं. "की" दीर्घ, "आणि" ऱ्हस्व. बोलून टाइप करत असाल तर विरामचिन्हं हाताने घाला.

परिच्छेद तीन-चार ओळींचे ठेवा आणि प्रत्येकाचा संवाद नव्या ओळीवर. फोनच्या पडद्यावर अखंड मजकुराची भिंत दिसली की डोळे थकतात. भाग टाकण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडखळतो तिथे वाक्य तोडा.

कुणीतरी एकच तारा दिला. काय करू?

कारण लिहिलं असेल तर दोन दिवसांनी शांतपणे वाचा आणि पटलं तर बदल करा. कारण नसेल तर सोडून द्या. खाली वाद घालू नका. तुमचे बाकीचे वाचक ते वाचत असतात.

माझी कथा कुणी आपल्या नावावर टाकली, किंवा यूट्यूबवर वाचून दाखवली तर?

भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहिली गेली की तिचा हक्क लेखकाकडे येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर 60 वर्षं तो टिकतो. परवानगीशिवाय कथा वाचून ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करणं हेही उल्लंघनच, खाली तुमचं नाव दिलेलं असलं तरी.

आधी पुरावा जमवा: तुमच्या मूळ भागाची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, समोरच्याच्या पानाचा स्क्रीनशॉट, लिंक. मग त्या संकेतस्थळाच्या तक्रारीच्या सोयीतून कळवा. यूट्यूबवर त्यासाठी स्वतंत्र फॉर्म आहे. कल्पनेवर मात्र हक्क सांगता येत नाही. दोन बहिणी आणि एक वाडा ही कल्पना कुणालाही सुचू शकते, तुमची वाक्यं मात्र तुमची.

ऑनलाइन टाकलेली कथा दिवाळी अंकाला पाठवता येते का?

बहुतेक अंक "पूर्वप्रसिद्ध नसलेली" कथा मागतात आणि ऑनलाइन टाकलेली कथा प्रसिद्धच धरली जाते. 1909 च्या "मनोरंजन" मासिकापासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा आजही नव्या लेखकाला चोखंदळ वाचक देते. तेव्हा वर्षातून एक-दोन चांगल्या कथा बाजूला ठेवा. आणि साहित्य पाठवण्याची मुदत दिवाळीच्या पुष्कळ आधी संपते, हे विसरू नका.

पैसे मिळतील का?

काहींना मिळतात. प्रतिलिपीवर वाचक वर्गणी भरून किंवा कॉइन देऊन पुढचे भाग उघडतात आणि त्यातला वाटा लेखकाला मिळतो. पण कुलूप लावलेल्या भागासाठी पैसे तोच देतो, जो आधीच तुमच्या गुरुवारची वाट बघत असतो. नव्या लेखकाने पहिली मालिका पूर्ण खुली ठेवावी, असं माझं मत आहे.

एक मालिका अर्धवट राहिली आहे. नवी सुरू करू का?

आधी जुनी पूर्ण करा. तुमच्या पानावर आलेला नवा वाचक यादी बघतो. दोन-तीन कथा "अपूर्ण" दिसल्या तर तो नव्या कथेत जीव गुंतवत नाही. मालिका फार लांबणार असेल तर तिला छोटा पण प्रामाणिक शेवट द्या. उरलेले धागे दोन भागांत जुळवता येतात. तेही जमणार नसेल तर शेवटच्या भागाखाली तसं स्पष्ट लिहा आणि सारांशातही नोंद करा, म्हणजे कुणी वाट बघत बसणार नाही. पूर्ण केलीत तर ज्यांनी मागच्या भागाखाली "पुढे काय झालं?" असं विचारलं होतं, त्या प्रत्येकाला तिथेच उत्तर द्या की शेवटचा भाग आला आहे. नवी मालिका सुरू केल्यावर पहिल्या भागाला बहुधा त्यातलेच काही जण सगळ्यांत आधी येतील.